मुलांसोबत घरी रोल-प्लेइंग गेम कसा सुरू करायचा: पहिल्या डावाची तयारी

"दार बंद आहे. आतून कोणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतोय. काय करता?"

माझी मोठी तेव्हा सात वर्षांची होती आणि धाकटा पाचचा. मला वाटलेलं की हळूच दार उघडतील, नाहीतर लाथ मारून आत घुसतील. मोठी जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मी बाहेरच बसते, झोपेतून उठवलं की सगळे चिडतात." धाकटा म्हणाला, "मी पण घोरतो, म्हणजे त्याला वाटेल घरातलंच कोणीतरी आहे." माझ्या कागदावर त्या दाराच्या मागे एक राक्षस होता आणि मोठी मारामारी लिहून ठेवलेली, ती तशीच राहिली. राक्षस उठला, बाहेर घोरणारा मुलगा बघून आधी बुचकळ्यात पडला आणि मग त्याला पांघरूण आणून दिलं. त्या दिवशी मला हा गेम कळला. नियम मला आधीच पाठ होते, पण मुलांसोबत खेळताना कागद कधी बाजूला ठेवायचा हे तेव्हा कळलं.

तुम्ही स्वतः कधीच खेळला नसाल तरी चालेल, हा लेख तुमच्यासाठीच आहे.

आधी हे काय असतं ते

एक जण गोष्ट सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणतात, आपण सरळ म्हणू की त्याच्यावर राज्य आहे. बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र घेतात. राज्य असलेला सांगतो समोर काय दिसतंय, मुलं सांगतात आपण काय करतो, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. बास, एवढंच. मुलं तसंही दिवसभर खोटं खोटं खेळतच असतात, तू चोर मी पोलीस, ही उशी म्हणजे डोंगर वगैरे. फक्त तिथे "मी तुला मारलं", "नाही, मला लागलंच नाही" यावरून भांडण होतं, आणि इथे ते भांडण फासा मिटवतो. फाशाशी कोणी हुज्जत घालत नाही (घालतात खरं तर, त्याबद्दल खाली).

यातला सगळ्यात प्रसिद्ध गेम डंजन्स अँड ड्रॅगन्स, तो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये आणला, टेबलावर छोट्या सैनिकांच्या लढाया खेळायचा जो छंद होता त्यातून तो निघाला. त्याच्या स्टार्टर बॉक्सवर १२+ लिहिलेलं असतं आणि ते बघून बरेच आईबाप म्हणतात की आपली अजून लहान आहेत, मोठी झाली की बघू. माझं मत असं की तो आकडा नियम वाचण्याच्या कुवतीचा आहे. गोष्टीत शिरायला बारा वर्षं लागत नाहीत, चार वर्षांचं मूल तुमच्या-माझ्यापेक्षा पटकन शिरतं.

पायरी १: वयाप्रमाणे वेळ ठरवा

चार-पाच वर्षांच्या मुलाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. सहा ते आठला अर्धा-पाऊण तास. नऊच्या पुढे तास-दीड तास आरामात जातो आणि उठवावं लागतं. हे सगळं माझ्या अनुभवातून सांगतेय, तुमचं मूल तुम्हाला जास्त माहीत. दोन वेगळ्या वयाची असतील तर वेळ धाकट्याच्या हिशोबाने ठेवा. आणि घरात तीन वर्षांखालचं बाळ असेल तर फासे नीट मोजून ठेवा, ते छोटे असतात आणि बाळाच्या तोंडात जाऊन घशात अडकू शकतात, खेळ संपला की मोजून डबीत.

पायरी २: नियम कमीत कमी

पहिल्या डावाला कुठलंही पुस्तक विकत घेऊ नका. साधे सहा बाजूंचे तीन फासे घ्या, दुसऱ्या कुठल्या बोर्डगेममधले काढले तरी चालतील. आमच्या घरी सुरुवातीचं जवळजवळ वर्षभर याच नियमावर चाललं:

१ किंवा २ आलं तर फसलं. ३ किंवा ४ आलं तर जमलं, पण सोबत काहीतरी अडचण. ५ किंवा ६ आलं तर मस्त जमलं.

जे काम तुमच्या पात्राला खास येतं त्याला दोन फासे टाका आणि मोठा आकडा धरा. आणि दुसऱ्या कोणी खरीखुरी मदत केली, म्हणजे नुसतं "मी पण मदत करतो" नाही तर काय करतो ते सांगितलं, तर अजून एक फासा.

आता हे का, ते सांगते, कारण इथेच खरी गंमत आहे. एका फाशाला फसायची शक्यता तीनात एक. दोन टाकले तर ३६ पैकी फक्त ४ वेळा दोन्ही फासे १-२ वर पडतात, म्हणजे नवात एक. आणि बहीण-भावाने मिळून तीन टाकले तर २७ पैकी एकदाच फसणार. मी मुलांना हे गणित कधी समजावलं नाही, पण चौथ्या-पाचव्या डावात धाकटा आपणहून म्हणायला लागला, "ताई, तू दोरी धर म्हणजे मला तिसरा फासा मिळेल". एकमेकांना मदत करा असं मी दिवसातून दहा वेळा सांगते तेव्हा जे होत नाही ते त्या तिसऱ्या फाशाने झालं.

मधला निकाल, जमलं-पण-अडचण, तो कधी काढून टाकू नका. नुसतं हो किंवा नाही ठेवलं तर गोष्ट थांबत थांबत चालते. "भिंतीवर चढलास, पण तुझी पिशवी खाली राहिली" म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो.

तयार गेम हवाच असेल तर लहानांसाठी अमेझिंग टेल्स चांगला आहे. त्यात मूल चार गुण ठरवतं आणि प्रत्येक गुणाला एक फासा देतं, १२ बाजूंचा, १० चा, ८ चा आणि ६ चा, आणि काहीही असलं तरी ३ किंवा जास्त आलं की जमलं. म्हणजे १२ च्या फाशाला ८३ टक्के आणि ६ च्याला ६७ टक्के, मूल फारसं हरत नाही आणि त्या वयाला ते बरोबरच आहे. हीरो किड्स म्हणून अजून एक आहे, साधारण चार ते दहा वयासाठी, त्यात नकाशावरच्या लढाया जास्त. डंजन्स अँड ड्रॅगन्सकडे मी नऊ-दहानंतर जाईन. त्याचे मूळ नियम कंपनीने इंटरनेटवर फुकट दिलेत त्यामुळे आधी चाळून बघता येतं, पण पात्र बनवायलाच सहा गुण, वर्ग (म्हणजे योद्धा की जादूगार वगैरे), मंत्र, हत्यारं असं सगळं भरावं लागतं आणि लहान मूल तेवढ्यात उठून जातं. स्टार्टर बॉक्समध्ये तयार पात्रं असतात, त्यातलं एक उचलायला द्या. वीस बाजूंचा फासा मात्र लवकरच दाखवा, तो हातात आला की मुलांचे डोळे चमकतात, खेळ कुठलाही असो.

आणि हो, नियमांची पुस्तकं बहुतेक इंग्रजीतच आहेत, पण टेबलावर आपल्या भाषेत बोला. आमच्याकडे हिट पॉइंटला, म्हणजे पात्र अजून किती मार सोसू शकतं त्या आकड्याला, "दम" म्हणतात. "तुझे किती दम राहिले?" हे पाच वर्षांच्या मुलाला न समजावता समजलं.

पायरी ३: पात्र बनवणं

कोरा कागद, रंग आणि तीन प्रश्न. तू कोण आहेस? तुला सगळ्यात भारी काय येतं? तू कशाला घाबरतोस?

तिसरा प्रश्न लोक विसरतात. भीती ठरवली की पात्राला जीव येतो. आमची मोठी एक कोल्ही होती, तिला कुठलंही कुलूप उघडता यायचं आणि ती पाण्याला घाबरायची, त्या एका पाण्याने मला सहा महिने गोष्टी पुरवल्या. धाकटा एक दगड होता. हो, दगड. चालणारा, बोलणारा दगड. माझ्या तोंडावर आलेलं की अरे दगड कसा होशील, माणूस हो ना, प्राणी हो, पण मी विचारलं "दगडाला काय भारी येतं?" तर म्हणाला "मला कोणी हलवू शकत नाही". यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलं नसतं.

मुलं चित्र काढत असताना एक चौथा प्रश्न सहज विचारून घ्या, तुम्ही दोघं एकमेकांना कसे ओळखता? नाहीतर पहिल्या डावात एक पूर्वेला जाईल आणि एक पश्चिमेला आणि तुम्ही मधे अडकाल.

सगळ्यात धाकट्याला कच्चं लिंबू करू नका. म्हणजे फासा टाकायला द्यायचा पण त्याने काय ठरवलं याला काही किंमत नाही असं. त्याला ते कळतं, लगेच कळतं, आणि मग तो टेबलाखाली जाऊन बसतो. एक तरी गोष्ट अशी असू द्या जी फक्त त्यालाच येते आणि जिच्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पायरी ४: पहिली गोष्ट, अर्ध्या पानात

जास्त लिहिलंत की तुम्ही ते वाचून दाखवायला लागता. मला अर्धं पान लागतं: एक अडचण, तीन जागा आणि जिच्याशी बोलता येईल अशी एक व्यक्ती किंवा प्राणी. हे घ्या, तसंच वापरलंत तरी चालेल.

समुद्रकाठी एक दीपगृह आहे. रोज रात्री त्याचा दिवा विझतो आणि बोटी वाट चुकतात. दिवा सांभाळणाऱ्या आजोबांनी मुलांना बोलावलंय. पहिली जागा वाळूचा किनारा, तिथे ओले, पंज्यासारखे ठसे, आणि प्रत्येक ठशात थोडासा उजेड सांडलेला. दुसरी जागा आतला गोल जिना, मधल्या सात पायऱ्या तुटलेल्या. तिसरी जागा वरची दिव्याची खोली, तिथे एक मोठा पक्षी चोचीने उजेड गोळा करतोय. त्याची पिल्लं खालच्या गुहेत आहेत आणि ती अंधाराला घाबरतात.

आता मुलं काय करतील ते तुम्ही ठरवायचं नाही. पक्ष्याशी लढतील, बोलतील, पिल्लांना दुसरा दिवा करून देतील, आजोबांनाच गुहेत राहायला पाठवतील. शेवट लिहून ठेवू नका. अंधाराला घाबरणारी पिल्लं मी मुद्दाम घातलीत, कारण अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला कोणी सल्ला विचारत नाही, आणि इथे त्याचा सल्ला सगळ्यात उपयोगी पडतो.

पायरी ५: टेबलावर

दोन वाक्यांत वर्णन करा आणि थांबा. मोठ्या माणसांना वर्णन करायला आवडतं, मलाही आवडतं, पण तिसऱ्या-चौथ्या वाक्याला मुलाची नजर खिडकीकडे जाते. त्या दोन वाक्यांत एक तरी आवाज, वास किंवा स्पर्श असू द्या. मग पात्राच्या नावाने विचारा, "दगडोबा, तू काय करतोस?" मुलाच्या नावाने विचारलं तर तो परीक्षेसारखा गप्प होतो, पात्राच्या नावाने विचारलं तर बोलतो. का ते मला नीट सांगता येणार नाही, पण प्रत्येक वेळी असंच होतं.

साधारण असं चालतं:

"जिन्याच्या मधल्या सात पायऱ्या नाहीयेत. खालून थंड वारा येतोय. काय करता?"
"मी उडी मारते."
"सात पायऱ्या म्हणजे बरंच अंतर आहे बघ. टाकायचा फासा?"
"थांब थांब, मी मधे उभा राहतो. मी दगड आहे ना, ती माझ्यावर पाय देऊन जाईल."
"मस्त. मग अजून एक फासा घे."
फाशांवर २ आणि ४.
"पोचलीस! पण दगडोबाच्या डोक्यावर पाय दिलास तेव्हा त्याच्याखालची पायरी कडकन वाजली. वरून आवाज आला, कोण आहे?"

बघा, कोणी पडलं नाही, पण शांतपणे वर जायची संधी गेली. फसलं तरी असंच करायचं. किल्ली सापडली नाही असं म्हणून कधी थांबू नका. किल्ली सापडली पण मालक परत आला, असं म्हणा. फसणं म्हणजे गोष्ट वळते, बंद होत नाही, हे मुलांना पटलं की मग ती फासा टाकायला घाबरत नाहीत.

प्रत्येक गोष्टीला फासा नको. दार उघडं असेल तर उघडलंच. दोन्ही निकालांतून काहीतरी रंगतदार निघणार असेल तेव्हाच टाका, पंधरा-वीस मिनिटांच्या डावात चार-पाच वेळा फासा पडला तरी खूप झालं.

मूल काहीतरी भलतंच म्हणालं तर "नाही" म्हणायच्या आधी "कसं?" विचारा. "मी चंद्र खाली आणते." "कसं आणतेस?" "दोरीने." ठीक आहे, मग एवढी लांब दोरी कुठे मिळेल, आणि झाला पुढचा अर्धा तास तयार.

जे मूल बोलतच नाही, लाजतं, त्याच्या मागे लागू नका. त्याला प्राण्याचं पात्र द्या म्हणजे नुसता आवाज काढला तरी चालेल, किंवा नकाशा काढायचं काम द्या, किंवा सगळ्यांचे फासे त्याच्या हातून टाका. आमच्याकडे एकदा पाहुण्यांचा मुलगा पूर्ण डावभर एक शब्द बोलला नाही, फक्त बोटाने दाखवत होता. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "परत कधी?"

पायरी ६: भीती, मारामारी, मरण

हे आधी ठरवा, डाव रंगात आल्यावर नाही. सुरू करायच्या आधी मुलांना विचारा, आपल्या गोष्टीत काय नको? एखाद्याला कोळी नको असतील, एखाद्याला कोणाची आई हरवलेली नको असेल. जे नको म्हटलं ते नको, का म्हणून विचारायचं नाही आणि नंतर चिडवायचं तर अजिबातच नाही.

तरी मधेच काहीतरी अंगावर येतंच. मोठ्यांच्या टेबलांवर यासाठी एक्स-कार्ड ठेवतात, जॉन स्टाव्रोपोलस यांनी ते सुचवलं, कागदावर फुली मारून मधे ठेवायचा आणि कोणी त्याला हात लावला की चालू प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं. आपल्या मुलांना हे शिकवायला काहीच लागत नाही कारण त्यांच्याकडे टाईमप्लीज आहे. टाईमप्लीज म्हटलं की राक्षससुद्धा थांबतो. मी स्वतः पहिल्याच डावात एकदा टाईमप्लीज घेते, म्हणजे मोठी माणसंही घेतात हे त्यांना दिसतं.

मुलांचं पात्र मरू देऊ नका. दम संपले की ते बेशुद्ध पडतं, पकडलं जातं, घाबरून पळतं, किंवा त्याची लाडकी टोपी हरवते (टोपी हरवण्याचं दुःख खूप मोठं असतं, जपून वापरा). नऊ-दहानंतर मुलं स्वतःच म्हणायला लागतात की खरा धोका पाहिजे, तेव्हा बोलून वाढवा. आणि मारामारी पूर्ण बंद करायची गरज नाही. मी फक्त एवढंच करते की समोरच्याला नेहमी काहीतरी हवं असतं. भूक लागलीय, वाट चुकलाय, पिल्लं घाबरलीयेत. मग तलवार काढायची की विचारायचं हे मुलं ठरवतात, आणि खरंच सांगते, मी मारामारी धरून ठेवलेल्या अर्ध्याहून जास्त वेळा त्यांनी आधी विचारलं.

भांडणं

होतात. मोठं मूल धाकट्याला सांगायला लागतं, "तू हे कर, ते नको करू". तेव्हा ओरडायचं नाही, धाकट्याच्या पात्राला नावाने विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत वाट बघायची, कितीही वेळ लागो. मोठ्याला एक खरी जबाबदारी द्या, वहीत काय काय मिळालं ते लिहायची.

फासा हाताने फिरवणं, "हे नाही धरायचं, तिरका पडला", म्हणजे सगळा रडीचा डाव. खोक्याचं झाकण उलटं ठेवा, त्यात पडला तोच फासा, बाहेर गेला किंवा तिरका राहिला तर परत. हा नियम आधी सांगितला की नव्वद टक्के कटकट जाते. आणि तुम्ही पण तुमचे फासे सगळ्यांसमोर टाका. काही जण पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतात आणि मुलांना वाचवायला आकडा बदलून सांगतात, मला ते पटत नाही. मुलांना एकदा कळलं की आई आकडा बदलते, की नंतरच्या कुठल्याच जिंकण्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

पायरी ७: थांबणं, आणि राज्य देणं

कंटाळा यायच्या आधी थांबा. दार उघडतंय, आत काहीतरी चमकतंय, उरलेलं पुढच्या वेळी. आरडाओरडा होईल, होऊ दे. मग लगेच दोन प्रश्न विचारा, तुला काय आवडलं, आणि पुढे काय व्हायला पाहिजे? दुसऱ्याचं उत्तर गुपचूप लिहून ठेवा, तीच पुढच्या डावाची तयारी.

आणि कधीतरी एक दिवस मूल म्हणेल, आज माझ्यावर राज्य. त्या दिवशी हातातलं काम सोडा आणि बसा. त्याची गोष्ट कुठूनही कुठे जाईल, नियम दर पाच मिनिटांनी बदलतील, तुमच्या पात्राला उगाचच तुरुंगात टाकलं जाईल. दुरुस्त करू नका. "असं नसतं रे" म्हणू नका. तो जसं विचारेल तसं उत्तर द्या, फासा झाकणातच टाका, फसलं तर फसलं म्हणा. आमचा धाकटा सहा वर्षांचा असताना पहिल्यांदा राज्य घेऊन बसला, समोर एक कोरा कागद ठेवला, त्यावर बराच वेळ बघत राहिला जणू तिथे खूप काही लिहिलंय, आणि मग म्हणाला, "आई, समोर दार आहे. आतून घोरण्याचा आवाज येतोय. काय करतेस?"

मी बाहेर बसून राहिले.